मानेचा हक्क

अम्मानमध्ये गाडी ठोकली तर पुढे काय करायचं, हे विचारायला तुम्ही पोलिसाकडे जाऊ नका, वकिलाकडे जाऊ नका, मेव्हण्याकडे तर मुळीच जाऊ नका. माझ्याकडे या! एका विमा कंपनीच्या मोटार दावे विभागात मी सतरा वर्षं काढली आहेत. माणसाचा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठल्या कलमापाशी जाऊन त्याचा जीव जातो, हे मी तोंडपाठ सांगू शकतो. त्यातलं जीव घेण्याचं खातं माझ्याकडेच होतं म्हणा. लोक दावे घेऊन यायचे आणि मी ते नामंजूर करायचो. पण अगदी प्रेमाने! माझ्या नकाराच्या पत्राची सुरुवात अशी असायची: ‘आपण सुखरूप आहात याबद्दल अल्लाचे आभार मानून कळविण्यात येते की...’ हे वाक्य मी स्वतः रचलेलं. ते वाचून एक गृहस्थ कचेरीत येऊन माझ्या गळ्यात पडले होते. पुढचा परिच्छेद त्यांनी वाचला नव्हता.

त्यामुळे जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी माझ्या गाडीला मागून धडक बसली तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला!

धडकेच्या आधीचा भाग जरा नाजूक आहे. माझं घर तबरबूरला, कचेरी शमेसानीला. त्या सकाळी मी कचेरीत फोन करून सांगितलं होतं की, मारका भागात एका चेपलेल्या ट्रकची पाहणी करायला चाललोय. प्रत्यक्षात मी भलत्याच दिशेला, अशरफियाच्या चढावर होतो. कारण तिथे अबू हुसामचं हुम्मुसचं दुकान आहे, आणि वर सढळ ऑलिव्ह तेल सोडलेलं त्याचं हुम्मुस एकदा खाल्लं की चेपलेले ट्रक वाट बघू शकतात. दुकानासमोर, अल्लाची करणी, एक गाडी निघाली आणि जागा रिकामी झाली. अशरफियात! मी कचकन ब्रेक दाबला.

धाड्!

आणि मग माझ्या काचेवर, टपावर, बॉनेटवर आकाशातून काकड्या पडू लागल्या. लांब, वाकड्या, लवदार, देशी काकड्या! मागे एक जुनाट पिकअप होता आणि तो पेट्या भरभरून काकड्या घेऊन येत होता. धक्क्याने वरच्या पेट्या सरळ माझ्या गाडीवर रित्या झाल्या होत्या.

पिकअपमधून डोक्याला लाल-पांढरा रुमाल बांधलेला एक म्हातारा उतरला. सत्तरीचा, काटकुळा. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे, आणि शेवटी काकड्यांकडे.

“अल्हमदुलिल्ला!” तो म्हणाला. “लोखंड चेपलं, माणूस शाबूत आहे. बाळा, लागलं का रे कुठे?”

“लागलं की नाही ते डॉक्टर ठरवेल,” मी म्हणालो. “कुणी काही हलवायचं नाही! पोलीस येऊन क्रोका काढतील.”

क्रोका म्हणजे पोलिसांनी काढलेला अपघाताचा नकाशा. दोन चौकोन, चार रेघा, वेळ, ठिकाण आणि गाडी कुठे चालली होती ते दाखवणारे बाण. आमच्या धंद्यात क्रोका म्हणजे जन्मपत्रिका!

“पोलीस कशाला?” म्हातारा म्हणाला. “मी हाज मुतलक. मादबाचा. तुझी गाडी मी नीट करून देतो की. माझा पुतण्या डेंटिंगचंच काम करतो.”

“हाज, कायद्याने मागून धडकणारा दोषी असतो. मी माझा हक्क सोडणार नाही.”

“सोडू नकोस बाबा,” तो समजूतदारपणे म्हणाला. “पण काकड्या तरी उचलू दे. उन्हात मऊ पडतील.”

पोलीस आला. क्रोका निघाला. मी त्याला वेळ बरोबर लिहायला लावली, नऊ वाजून बावीस मिनिटं. बाण नीट काढायला लावला. पहिला बाण त्याने जरा पुसट काढला होता, तो मी पुन्हा ठसठशीत करून घेतला! पुढे हे आठवलं की मला स्वतःचाच राग यायचा.

तिथून मी सरकारी इस्पितळात गेलो. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता.

“मान दुखते?”

“मागून धडक बसल्यावर दुखायला हवी.”

“पण दुखते का?”

मी मान जरा फिरवून बघितली. आणि गंमत म्हणजे, खरंच कळ आली! मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. डॉक्टरने एक आठवड्याचा दाखला दिला आणि गळ्यात जाड रबरी पट्टा अडकवला. तो पट्टा माझ्या मापाला एक आकडा मोठा होता. त्यात हनुवटी वर-खाली होई, पण मान डावी-उजवीकडे तसूभर वळत नसे. उंटाच्या पिल्लासारखा दिसत होतो मी.

घरी बायको, सौसन, दहावीचे रसायनशास्त्राचे पेपर तपासत बसली होती. तिने चष्म्यावरून बघितलं.

“मान दुखतेय की दावा दुखतोय?”

“दोन्ही!” मी म्हणालो. “एक दावा त्याच्या विमा कंपनीवर, गाडीचा आणि मानेचा. आणि दुसरा माझ्या कंपनीवर. कामाच्या वेळेत इजा झाली की ती कामावरचीच इजा! मालकाने तसं सामाजिक सुरक्षा कचेरीला कळवावं लागतं. कायदा आहे!”

“तू कामावर होतास?”

“कायद्याच्या दृष्टीने.”

“आणि हुम्मुसच्या दृष्टीने?” असं म्हणून तिने पुढच्या पेपरवर शून्य दिलं. ते पेपरलाच दिलं असावं.

दुपारी जबाब द्यायला चौकीत गेलो, तर बाकावर हाज मुतलक बसलेला. मांडीवर कागदात गुंडाळलेल्या चार काकड्या.

“हे का बसलेत इथे?” मी अधिकाऱ्याला विचारलं.

“तुमचा वैद्यकीय दाखला आलाय ना,” अधिकारी म्हणाला. “माणूस जखमी आहे म्हटल्यावर ड्रायव्हरला जामीन मिळेपर्यंत बसवावं लागतं. तुम्ही हक्क सोडल्याचं लिहून दिलंत तर आत्ता सोडतो.”

हे मला ठाऊक होतं. सतरा वर्षं ठाऊक होतं. पण फायलीत ते एका ओळीचं असतं. त्या ओळीला वाकलेले गुडघे नसतात आणि ती आपल्याला काकडी देत नाही.

“घे,” हाज म्हणाला. “मीठ नाहीये. मान कशी आहे?”

“पट्ट्यावरून वाटते तितकी वाईट नाही,” मी पुटपुटलो.

“रात्री कोमट तेल लाव. आणि लिहून-बिहून काही देऊ नकोस. माझी पोरं येतील जामीन घेऊन. तुझी मान आधी.”

तो असं म्हणाला आणि मी खरोखरच लिहून दिलं नाही! आज वाटतं, त्याने जरा तरी आरडाओरडा केला असता तर मी दिलं असतं. त्याची पोरं असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजाआधी आली आणि त्याला घेऊन गेली. जाताना ती सगळी जणं एकेक करून माझ्याकडे बघत गेली. रागाने नाही. माप घेतल्यासारखी.

बुधवारी मी पट्टा घालून, दोन फायली काखेत मारून कचेरीत शिरलो. पहिली फाइल टेबलावर ठेवली आणि हाजच्या पिकअपच्या विम्याचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. शिक्का ओळखीचा होता. खालची सहीसुद्धा ओळखीची होती. पिकअपचा विमा आमच्याच कंपनीचा होता!

म्हणजे भरपाई कंपनीकडून, कामावरची इजाही कंपनीकडून, आणि दोन्ही दावे तपासायचे मोटार दावे विभागाने. म्हणजे मी.

“तुम्ही नाही, उस्ताद नाएल,” आमचे मुदीर दैफल्ला बेग म्हणाले. मुदीर म्हणजे सबंध कंपनीचे मॅनेजर. पिळदार मिशा, मंद आवाज. “स्वतःचा दावा स्वतः तपासणं बरं दिसत नाही. वस्फी बघेल.”

वस्फी माझ्या हाताखालचा. हे पोरगं कंपनीत आलं तेव्हा दावा वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी त्याला घडवलं. दाव्यातली भोकं शोधण्यासाठी मी एकवीस प्रश्नांची एक यादी केली होती. ती आमच्या विभागात प्रत्येकाच्या टेबलावर काचेखाली असते. वस्फीने ती काचेखालून बाहेर काढली. दैफल्ला बेग खुर्ची ओढून शेजारी बसले.

“प्रश्न पहिला,” वस्फी म्हणाला. “दावेदाराचं पूर्ण नाव?”

“वस्फी! तुझ्या लग्नात मी दब्के नाचलोय!”

“पूर्ण नाव, उस्ताद.”

सांगितलं. सहा प्रश्न सुरळीत गेले.

“प्रश्न सातवा. अपघाताच्या वेळी दावेदार कामावर होता का?”

“अर्थात! ट्रकच्या पाहणीला मारकाला निघालो होतो. फोन केला होता मी.”

वस्फीने क्रोका उलगडून टेबलावर ठेवला. “मारका इथे,” त्याने टेबलाच्या एका टोकाला स्टेपलर ठेवला. “अशरफिया इथे.” दुसरीकडे चहाचा पेला. “आणि हा तुमचा बाण. फारच ठसठशीत काढलाय. तुमच्या गाडीची पाठ मारकाकडे आहे.”

“पाहणी उरकून कचेरीत येत होतो,” मी म्हणालो. “मग ती कामावर येतानाची इजा झाली. कायदा तीही धरतो!”

“मारकाच्या लोकांना मी सकाळी फोन केला. ट्रक बघायला अजून कुणी आलेलं नाही.”

“बरं, पाहणीला जाणारच होतो, पण आधी कचेरीत येऊन कागद घ्यावेत म्हटलं. म्हणजे घर ते कचेरी. वाटेतला अपघात!”

“वाटेतला अपघात धरतात,” वस्फी मान डोलावत म्हणाला, “माणूस नेहमीच्या वाटेने येत असेल तर. प्रश्न अकरावा, नेहमीची वाट. हे दोन शब्द तुम्हीच लाल शाईने अधोरेखित केलेत, उस्ताद.”

“मग? माझी ती नेहमीचीच वाट आहे!”

“तबरबूरहून शमेसानीला यायला अशरफिया?”

“हो!”

“रोज?”

“रोज म्हणजे रोज! पाहिजे तर साक्षीदार देतो! हुम्मुसवाल्या अबू हुसामला विचारा, रोज साडेनऊला नाएल त्याच्या दुकानात...”

इथे मी थांबलो. पण वाक्य बरंच पुढे गेलं होतं.

“साडेनऊला,” दैफल्ला बेग म्हणाले. आमची कचेरी आठला भरते. “रोज?”

“रोज नाही,” मी म्हणालो. “शुक्रवार-शनिवार सुट्टी असते.”

वस्फीने खाली बघत काहीतरी लिहिलं. त्याचे खांदे हलत होते. दुःखाने हलत असावेत असं मी धरून चाललो.

“रविवारपर्यंत लेखी खुलासा द्या,” दैफल्ला बेग उठत म्हणाले. “मग तुमच्या नोकरीचं काय करायचं ते मी ठरवतो.”

“बेग, कायद्याने आधी मला माझी बाजू मांडण्याची संधी मिळायला हवी!”

“आत्ता मांडलीत ती कुणाची होती?”

गुरुवारी सकाळी माझ्या टेबलावर पाकीट होतं. ‘आपण सुखरूप आहात याबद्दल अल्लाचे आभार मानून कळविण्यात येते की, कामावरील इजेचा आपला दावा...’ पत्र मी दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. समास जिथल्या तिथे. इतकं सुंदर पत्र वाचून इतकं वाईट वाटू शकतं, याची मला सतरा वर्षांत कल्पना आली नव्हती.

वस्फी दारात उभा होता. “गाडीचा आणि मानेचा दावा मात्र नाकारता येत नाही, उस्ताद. दोन तास शोधलं. मागून धडक ती मागून धडक. कंपनीला द्यावंच लागेल.”

“एकविसावा प्रश्न लावून बघितलास?”

“बघितला.”

“मग नाहीच सुटत तो,” मी म्हणालो. तेवढ्यापुरता माझा ऊर भरून आला. एक हक्क तरी जिवंत होता!

तेवढ्यात फंदी काकांचा फोन आला. फंदी काका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून घराण्याच्या वतीने बोलायचं ते त्यांनीच, आणि ते फार बोलतात.

“नाएल! उद्या असरनंतर तुझ्या घरी जाहा येतेय!”

जाहा म्हणजे समेटाला येणारी मोठ्या माणसांची मंडळी. एकाकडून दुसऱ्याला इजा झाली की त्याच्या घराण्याचे लोक एखाद्या वजनदार माणसाला पुढे घालून येतात. कॉफी समोर ठेवायची, पण त्यांनी ती प्यायची नाही. मागणं मान्य झालं तरच पेला ओठाला लावायचा. कॉफी तशीच राहिली तर दोन्हीकडची अब्रू गेली.

“काका, कशाला? माझा हक्क कायद्याने मिळणारच आहे!”

“मी हो म्हणून बसलो. म्हातारा चौकीत बसला होता म्हणे तुझ्यापायी. लाज वाटली मला.”

“जाहाचा पुढारी कोण?”

“मादबाचा कुणी मोठा माणूस आहे. विमा कंपनीचा मुदीर. दैफल्ला बेग.”

मी खाली बसलो. आजवर कंपनीने दावे बुडवायला वकील लावले होते. जाहा पहिल्यांदाच! पण मग हळूहळू डोकं चालू लागलं. रविवारी मी दैफल्ला बेगांपुढे हात जोडून उभा राहणार होतो. पण शुक्रवारी? शुक्रवारी ते माझ्या दिवाणखान्यात, माझ्या कॉफीपुढे, माझ्या उत्तराची वाट बघत बसणार होते! आणि यजमानाला अटी घालता येतात. रिवाज आहे!

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी फंदी काकांच्या हातात कागद ठेवला. तीन अटी, मोठ्या अक्षरात. एक, कारवाई रद्द. दोन, गाडीची दुरुस्ती. तीन, मानेची भरपाई निम्मी तरी.

“काका, फक्त हे वाचायचं. यापुढे एक शब्द नाही.”

“मला शिकवतोस होय रे? मी पन्नास जाहा बसवल्यात!”

“म्हणूनच सांगतोय.”

शुक्रवारी पस्तीस माणसं आली. आमच्या जिन्यात चपलांचा डोंगर झाला. शेजाऱ्यांकडच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मशिदीतल्या खुर्च्या, सौसनच्या शाळेचे दोन बाक, सगळं भरलं. ती स्वयंपाकघरात कॉफीच्या भांड्यापाशी उभी होती. “पस्तीस,” ती म्हणाली. “एका काकडीवाल्यासाठी. तू मेला असतास तर किती आले असते कुणास ठाऊक.”

दैफल्ला बेग मधोमध बसले, अंगावर काळी अबा, मानाचा पायघोळ झगा. शेजारी हाज मुतलक, मान खाली घालून. बेगांसमोरच्या छोट्या मेजावर कडू कॉफीचा पेला ठेवला गेला. मेज डुगडुगत होतं. कॉफी हिंदकळली. सांडली तर अपशकुन! फंदी काकांनी शांतपणे खिशातून एक कागद काढला, त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि मेजाच्या पायाखाली सारला. मेज स्थिर झालं.

माझ्या तीन अटींचा कागद होता तो!

दैफल्ला बेग बोलले. थोडकं, गोड. अपघात नशिबाचा, माणूस म्हातारा, घराणं इज्जतदार, तुम्ही तर आमचे घरचेच. “आमचं मागणं तुम्हाला माहीत आहे. कॉफी आमच्यापुढे तशीच आहे.”

फंदी काका उठले. घसा साफ केला. मी डोळ्यांनी त्यांना मेजाचा पाय दाखवत होतो.

“यजमानाच्या घरी सिंह आले की,” काका गरजले, “यजमान हिशेब मांडत नाही! आमच्या पोराच्या मानेचा हक्क... अल्लाखातर सोडला!”

“अल्ला तुमचं भलं करो!” पस्तीस आवाज.

मी नाही म्हणायला मान हलवली. म्हणजे हलवायला गेलो. पट्ट्याने आडवी हालचाल साफ नाकारली. हनुवटी तेवढी वर-खाली, वर-खाली झाली.

“बघा!” काका माझ्याकडे हात करून म्हणाले, “पोरगाच होय म्हणतोय! गाडीचा हक्कही पाहुण्यांखातर सोडला!”

मी आणखी जोराने नाही म्हणालो. हनुवटी सुसाट सुटली.

“पाहा त्याचं मन!” एक म्हातारा गहिवरून म्हणाला. “असा मुलगा हजारात एक!”

“आणि एवढंच नाही!” काकांना आता आवरणं कुणाच्याच हातात नव्हतं. “हाजच्या पिकअपचा पुढचा भाग चेपलाय. तो आम्ही नीट करून देऊ! आणि काकड्यांची जेवढी नासाडी झाली...”

“काका!” मी ओरडलो.

पस्तीस माणसं माझ्याकडे बघत होती. बेगांचा हात पेल्याजवळ थांबला होता. हाज मुतलकने पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. चौकीत काकडी पुढे करताना होता तसाच होता तो चेहरा, वाट बघणारा. तीन अटी मला पाठ होत्या. कलमं तर पाठ होतीच.

“काका,” मी म्हणालो, “कॉफी गार होतेय.”

“ऐकलंत!” काका म्हणाले. दैफल्ला बेगांनी पेला उचलला. घटाघट, भुर्र, चुळुक्, पस्तीस तोंडांचा तो आवाज म्हणजे माझे सगळे दावे एका दमात निकालात निघाल्याचा आवाज होता. मागून कुनाफाची, पाकात भिजवलेल्या चीजच्या मिठाईची, ताटं आली. कुणी आणली होती? आम्हीच!

पांगापांग सुरू झाली तेव्हा हाज मुतलक माझ्याजवळ येऊन बसला. ताटलीतला कुनाफा त्याने हळूहळू संपवला.

“एक विचारू का रे बाळा? पोलिसांनी नाही विचारलं, बेगांनीही नाही. पुढे रस्ता रिकामा होता. तू ब्रेक का मारलास?”

एकवीस प्रश्नांमध्ये हा प्रश्न नव्हता. मी खोलीत कुणी ऐकत नाही ना ते बघितलं.

“हुम्मुसच्या दुकानासमोर पार्किंगची जागा दिसली, हाज.”

त्याने ताटली खाली ठेवली.

“अशरफियात?”

“अशरफियात.”

“सकाळी?”

“सव्वानऊच्या सुमाराला.”

“मग मीही मारला असता!” तो म्हणाला, आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं. पाठीवर थोपटताना माझ्या लक्षात आलं की मान दुखायची केव्हाच थांबली आहे. पट्टा काढून मी सोफ्याखाली सरकवला. जाताना त्याने माझ्या दोन्ही गालांची पापी घेतली आणि सौसनला हाक मारून सांगितलं की, सूनबाई, लोणच्याला काकड्या लागतील तेव्हा मादबाला निरोप धाडायचा.

रविवारी मी ठीक आठला कचेरीत होतो. दैफल्ला बेगांनी आत बोलावलं. मी हसत आत गेलो. ज्या माणसाने माझ्या घरची कॉफी प्यायली, तो मला काय करणार?

त्यांनी एक पत्र पुढे केलं. लेखी ताकीद आणि बदली.

“बेग! परवा तर तुम्ही माझ्या घरी... सिंह, घरचेच लोक...”

“शुक्रवारी मी तुमच्या घरी पाहुणा होतो,” ते मिशीवरून बोट फिरवत मंदपणे म्हणाले. “आज रविवार आहे.”

या बदलीविरुद्ध मला दाद मागता येते, हे मला माहीत आहे. कुणाकडे, किती दिवसांत, कुठल्या नमुन्यात, सगळं माहीत आहे. अर्ज लिहायलाही घेतला होता. पण सौसनला तो दाखवल्यावर तिने त्याला लाल पेनाने पस्तीसपैकी बारा गुण दिले, आणि फंदी काका तर फोनवर विचारू लागले की, बेगांच्या घरी जाहा घेऊन जाऊ का, साठ माणसं सहज जमतील. मी अर्ज फाडला.

शिवाय बदली झालीये ती जीवन विमा विभागात. फार शांत जागा आहे हो ती. मोटार विभागासारखी रोजची बोंबाबोंब नाही. तिथे ज्याच्या नावाचा विमा असतो, तो माणूस काही झालं तरी भांडायला येत नाही.

त्याची बायको येते.